डोहाळे पुसण्याचा इतिहास



इतिहासाच्या मास्तरानें लढाया, तह आणि राज्याभिषेक यांविषयीं बोलावें अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि शाळेंत असेपर्यंत मींहि तेंच केलें. परंतु ज्या थोर पुरुषांचीं चरित्रें मी वर्गांत शिकवीत असें, त्यांतील प्रत्येकाच्या मातेनें त्याच्या जन्मापूर्वीं कांहीं महिने जो त्रास सोसला असेल, त्याविषयीं क्रमिक पुस्तकांत एक ओळहि नसे. अन्न समोर आलें कीं मळमळावें, पाणीहि पोटांत ठरूं नये, जिन्याच्या चार पायऱ्या चढतांच घेरी यावी, आणि इतकें होऊनहि "यांत काय विशेष? सर्वांनाच होतें" असें ऐकून घ्यावें, हा अनुभव हजारों वर्षांचा आहे. ज्या अनुभवाला इतकीं वर्षें झालीं, त्याला इतिहासहि असलाच पाहिजे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतील या पीडेचा आणि तिच्यावरील उपायांचा इतिहास आज मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

प्रथम ही पीडा किती सार्वत्रिक आहे तें पाहूं. गरोदरपणाच्या आरंभीं १० स्त्रियांपैकीं सुमारें ७ जणींना मळमळ किंवा ओकाऱ्या होतात. हा त्रास बहुधा पांचव्या-सहाव्या आठवड्यांत सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोंचतो, आणि १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान बहुतेकींचा सुटतो. इंग्रजींत त्याला सकाळचें दुखणें म्हणण्याचा प्रघात आहे. पण दुपारीं स्वयंपाकाच्या वासानें किंवा रात्रीं दिवे मालविल्यावर ज्यांना तो छळतो, त्यांना या नांवाचें हसूंच येईल. १०० पैकीं एक-दोघी स्त्रियांत मात्र ओकाऱ्या इतक्या विकोपास जातात कीं अंगांतील पाणी व वजन झपाट्यानें घटतें. हा निराळा आजार समजावा. त्याच्याविषयीं पुढें येईलच.

आपल्याकडील वैद्यकानें ही पीडा फार पूर्वीं टिपून ठेविली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भ राहिल्याचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत ऋतुदर्शन थांबणें, तोंडाला पाणी सुटणें, अन्नावरची वासना उडणें, ओकारी, अरुचि आणि विशेषेंकरून आंबट खाण्याची इच्छा हीं सर्व आलीं आहेत. त्याच ग्रंथांत गर्भिणीचा महिनेवार आहार दिला आहे. पहिल्या महिन्यांत साधें दूध, दुसऱ्यांत मधुर वनस्पतींनीं सिद्ध केलेलें दूध, तिसऱ्यांत मध व तूप घातलेलें दूध, अशी ती योजना आहे. घट्ट अन्न टिकत नाहीं त्या काळांत पातळ, सौम्य व पौष्टिक असें कांहीं पोटांत जावें, हें तिच्यांतील शहाणपण आजहि पटण्यासारखें आहे. गर्भिणीला तीव्र औषधें देऊं नयेत. तेलानें कांठोकांठ भरलेलें भांडें हिंदकळूं न देतां जसें न्यावें तसें तिला सांभाळावें, अशी उपमा चरकानें योजिली आहे. ही उपमा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें विसाव्या शतकांत जें घडलें त्या वेळीं तिचा विसर पडला होता.

'डोहाळा' हा आपला मराठी शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दापासून आला, आणि वैद्यकग्रंथांनीं त्याचा संबंध 'द्विहृदय' या कल्पनेशीं जोडला. चरकाच्या मतें तिसऱ्या व सुश्रुताच्या मतें चौथ्या महिन्यांत स्त्री दोन हृदयांची होते, आणि तिच्या मुखानें गर्भच आपली इच्छा बोलून दाखवितो. ती इच्छा अवमानिली तर मुलाला व्यंग येतें असें सुश्रुत सांगतो. हा कार्यकारणभाव आजच्या शास्त्राला मान्य नाहीं. डोहाळा न पुरविल्यानें कोणाचेंहि मूल लंगडें किंवा आंधळें होत नाहीं. पण या समजुतीचा समाजावर जो परिणाम झाला तो इतिहासाच्या दृष्टीनें मोलाचा आहे. ज्या घरांत सुनेला स्वतःसाठीं कांहीं मागण्याची सोय नव्हती, त्या घरांतहि वडीलधाऱ्या बायकांना तिच्याजवळ जाऊन "तुला काय खावेंसें वाटतें?" असें विचारणें भाग पडलें. डोहाळे पुसण्याची चाल ती हीच.

आपल्या कवींनाहि या चालीचें महत्त्व कळलें होतें. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गांत गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा वास येतो, आणि सम्राट् दिलीप तिच्या सख्यांना पुनःपुन्हां विचारतो, कीं राणीला काय हवें आहे. लाजरी राणी स्वतः कांहीं बोलत नाहीं. गरोदरपणांत माती, राख, खडू असल्या पदार्थांची ओढ पुष्कळ स्त्रियांना लागते, आणि रक्तांतील लोहाच्या कमतरतेशीं तिचा संबंध आढळतो, हें आतां ठाऊक झालें आहे. म्हणजे राणीच्या या डोहाळ्यांत आजच्या डॉक्टरांनाहि कांहीं वाचण्यासारखें आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरितां'त याच चालीचा करुण उपयोग झाला आहे. सीतेला अरण्यांत हिंडण्याचा व भागीरथींत स्नान करण्याचा डोहाळा होतो. तो पुरविण्यासाठीं रथ सिद्ध होतो, आणि त्याच रथांतून तिला वनवासास धाडलें जातें. पुसलेल्या इच्छेचाच असा घात व्हावा, याहून मोठा विश्वासघात कवीला सांपडला नसेल.

आपल्या घरांतील व्यवहाराकडे पाहतां एक विसंगति मात्र दिसते. डोहाळजेवणाचा थाट, हिरवें लुगडें, फुलांची वाडी, झोपाळा हें सर्व बहुधा सातव्या महिन्यांत होतें, आणि तोंवर बहुतेकींची मळमळ थांबलेली असते. पहिले तीन महिने बातमी गुप्त ठेवण्याची रीत असल्यामुळें, जेव्हां देह सर्वांत जास्त पीडलेला तेव्हांच स्त्रीला कामांत सवलत मागतां येत नाहीं. आवळकाठी, कोकमाचें सार, लिंबाची फोड, आलेपाकाची वडी हे आजीबाईच्या फडताळांतील उपाय तिला चोरून मिळत; उघड विश्रांति मात्र मिळत नसे. नोकरीनिमित्त आगगाडीनें प्रवास करणाऱ्या आजच्या मुलींचीहि तीच अडचण आहे.

आतां पश्चिमेकडे वळूं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत रोम शहरांत सोरेनस नांवाचा ग्रीक वैद्य स्त्रियांच्या रोगांवर उपचार करीत असे. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. गर्भधारणेनंतर सुमारें चाळिसाव्या दिवसापासून मळमळ, ओकारी व विचित्र वासना सुरू होतात, असें त्यानें नमूद केलें. पोटाला थोडी विश्रांति द्यावी, मग हलकें अन्न घ्यावें, हा त्याचा सल्ला होता. अपायकारक वस्तूची वासना झाल्यास प्रथम समजूत घालावी. पण ती स्त्री फारच कष्टी झाली तर चांगल्या अन्नाबरोबर तीहि वस्तु थोडी द्यावी, असें तो म्हणतो. चरक आणि सोरेनस यांचा एकमेकांशीं परिचय असल्याचा पुरावा नाहीं. परंतु रोग्याचें म्हणणें ऐकणारे वैद्य दूरदूरच्या देशांतहि एकाच ठिकाणीं येऊन पोंचतात.

पुढील अनेक शतकें युरोपांत या बाबतींत फारशी प्रगति झाली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पॉल द्यूब्वा यांनीं १८५२ सालीं तेथील वैद्यक अकादमीपुढें विकोपास गेलेल्या ओकाऱ्यांचा प्रश्न मांडला व त्यानें दगावलेल्या वीस स्त्रियांची हकीकत सांगितली. तिघां वर्षांनीं, ३१ मार्च १८५५ रोजीं, 'जेन एअर' या कादंबरीची लेखिका शार्लट ब्राँटी वयाच्या अडतिसाव्या वर्षीं गर्भवती असतांना वारली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाची नोंद आहे. पण अखेरच्या आठवड्यांतील सततची मळमळ व ओकाऱ्या यांचें वर्णन पाहून अनेक वैद्यकतज्ज्ञांनीं गर्भिणीच्या ओकाऱ्यांनींच ती गेली असें मत दिलें आहे. त्या काळीं एडिंबरोचे डॉक्टर सिम्सन, ज्यांनीं १८४७ सालीं प्रसूतींत क्लोरोफॉर्म वापरला, त्यांनीं या विकारावर सेरियम या धातूचा एक क्षार सुचविला. तो पुष्कळ वर्षें दवाखान्यांतून दिला जात होता, आणि आज तो कोणी देत नाहीं.

याच शतकाच्या अखेरीस एका महाराष्ट्रीय स्त्रीनें या विषयांत आपलें नांव नोंदविलें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत दगावल्याचें दुःख उराशीं घेऊन आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. चरक-सुश्रुतांच्या परंपरेंतील गर्भिणीची निगा त्यांनीं परदेशांतील परीक्षकांपुढें मांडली. पुढील वर्षींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या हातून होणारी रुग्णसेवा राहून गेली.

त्यानंतर युरोपांत एक दुर्दैवी मत बळावलें. शरीरांत कारण सांपडेना, तेव्हां कारण मनांत आहे असें कित्येक डॉक्टर म्हणूं लागले. ओकाऱ्या म्हणजे वाताचा झटका. स्त्रीला मूल नकोसें आहे किंवा नवऱ्याविषयीं अप्रीति आहे, तिचें हें लक्षण. असा सिद्धान्त निघाला. कोठें कोठें अशा स्त्रीला नातलगांपासून दूर एकान्तांत ठेवीत आणि ओकण्याचें भांडेंहि तिच्याजवळून काढून घेत. रोग्याची साक्ष खोटी ठरविली कीं शोध घेण्याची गरज राहत नाहीं; न्यायालयांत जें अन्याय्य, तें दवाखान्यांतहि अन्याय्यच. सुदैवानें शिरेवाटे मीठ-साखरेचें पाणी देण्याचा साधा उपाय या सुमारास रूढ होत गेला. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें १९३१ ते १९४० या काळांत या विकारानें दर दहा लक्ष जन्मांमागें १५९ माता मरत. १९५१ ते १९६० या काळांत हा आकडा ३ वर आला. मनाच्या सिद्धान्तानें एकहि माता वांचली नाहीं. पाण्यानें शेंकडों वांचल्या.

आतां मुंबईकडे येऊं. पहिल्या महिन्यांतील थकवा आणि घेरी यांतील बराच भाग गर्भधारणेमुळेंच होतो व तो निघूनहि जातो; पण आपल्या देशांत त्यामागें अनेकदां रक्तक्षय दडलेला असतो. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरबाई परळच्या हाफकिन संस्थेंत आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणीं जडणारा घातक पांडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनीं प्रथम रोगजंतु शोधले. ते सांपडले नाहींत. मग त्या या स्त्रियांच्या आहाराकडे वळल्या. कोण काय खातें, दूध-फळें-भाजी कितपत मिळते, याची त्यांनीं विचारपूस केली, आणि जेथें आहार निकृष्ट तेथें हा रोग अधिक, असें त्यांना आढळलें. तसाच निकृष्ट आहार देऊन उंदीर व माकडें यांवर प्रयोग झाले. शेवटीं यीस्टपासून बनविलेला 'मार्माइट' नांवाचा एक स्वस्त, खारट अर्क दिल्यावर रोगी स्त्रिया आश्चर्यकारक रीतीनें बऱ्या झाल्या. हा शोध त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला.

त्या अर्कांत काय होतें हें दहा वर्षांनीं कळलें. १९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें चार टन पालकाच्या भाजींतून तें द्रव्य वेगळें करण्यांत आलें व पानावरून त्याला 'फोलिक ॲसिड' हें नांव पडलें. पुढें १९९१ सालीं सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या परीक्षेवरून असें सिद्ध झालें, कीं ज्यांच्या आधींच्या मुलाच्या मज्जारज्जूंत व्यंग होतें, अशा स्त्रियांनीं गर्भधारणेपूर्वींपासून हें औषध घेतल्यास तें व्यंग पुन्हां होण्याचा धोका ७२ टक्क्यांनीं घटतो. आज प्रत्येक गर्भवतीला जी पिवळी लहानशी गोळी देतात, तिचें मूळ परळच्या प्रयोगशाळेंत आणि गिरणगांवच्या चुलीपाशीं विचारलेल्या साध्या प्रश्नांत आहे. मुंबईकरांपैकीं किती जणांना हें ठाऊक असेल?

यानंतरचें प्रकरण काळेंकुट्ट आहे, पण तें टाळून चालणार नाहीं. १ ऑक्टोबर १९५७ रोजीं पश्चिम जर्मनींत 'थॅलिडोमाइड' हें झोपेचें औषध बाजारांत आलें. तें पूर्ण निर्धोक आहे अशी जाहिरात होती, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तें मिळे. लवकरच गरोदर स्त्रियांच्या मळमळीवरहि तें दिलें जाऊं लागलें. तें ४६ देशांत विकलें गेलें. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो याची परीक्षा मात्र कोणी केली नव्हती. कांहीं काळानें हात किंवा पाय खुंटलेलीं, कान-डोळे सदोष असलेलीं मुलें जन्मूं लागलीं. गर्भधारणेनंतरच्या सुमारें विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या दरम्यान घेतलेली एखादी गोळीहि त्यास पुरत असे. आणि मळमळ सुरू होते ती नेमकी याच दिवसांत. दहा हजारांहून अधिक मुलें या औषधानें बाधलीं. त्यांपैकीं पुष्कळशीं जन्मतांच किंवा थोड्याच दिवसांत दगावलीं.

हा अनर्थ कसा उघडकीस आला? हँबुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ यांनीं मातांकडे जाऊन गरोदरपणीं काय काय घेतलें याची बारकाईनें चौकशी केली. कित्येकींना ती गोळी इतकी क्षुल्लक वाटली होती कीं प्रथम विचारल्यावर आठवलीहि नाहीं. नोव्हेंबर १९६१ मध्यें त्यांनीं आपला संशय जाहीर केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनींत औषध मागें घेण्यांत आलें. ऑस्ट्रेलियांतून डॉक्टर मॅकब्राइड यांचें याच आशयाचें पत्र डिसेंबर १९६१ मध्यें छापून आलें. अमेरिकेंत मात्र हें औषध विक्रीस आलेंच नाहीं. कारण औषध-नियंत्रण खात्यांतील फ्रॅन्सिस केल्सी या बाईंनीं सप्टेंबर १९६० पासून परवानगी अडवून धरिली होती. कंपनीचे लोक वारंवार येत, तगादा करीत. आणि त्या प्रत्येक वेळीं निर्धोकपणाचा पुरावा मागत. ऑगस्ट १९६२ मध्यें राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं त्यांना पदक देऊन गौरविलें. त्याच वर्षीं अमेरिकेनें औषधांच्या परीक्षेचा कायदा कडक केला, व इतर राष्ट्रांनींहि तोच मार्ग धरिला.

पण भीतीचाहि अतिरेक होतो, हें पुढच्या प्रकरणावरून दिसतें. १९५६ सालापासून अमेरिकेंत मळमळीवर 'बेंडेक्टिन' नांवाची एक निराळी गोळी मिळत असे. तिच्यांत डॉक्सिलामीन हें औषध व ब-६ जीवनसत्त्व हीं मुख्य होतीं. तीहि मुलांना बाधते असे खटले गुदरले गेले. अनेक परीक्षांत तसा पुरावा सांपडला नाहीं. तरीहि खटल्यांच्या खर्चाला कंटाळून उत्पादकांनीं १९८३ सालीं ती बंद केली. व्यंगांचें प्रमाण त्यामुळें घटलें नाहीं. ओकाऱ्यांसाठीं रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या. त्या गोळीविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत तेच डॉक्टर मॅकब्राइड होते. दुसऱ्या एका औषधावरील प्राण्यांच्या प्रयोगांत त्यांनीं आंकडे बदलल्याचें सिद्ध होऊन १९९३ सालीं वैद्यांच्या नोंदवहींतून त्यांचें नांव कमी करण्यांत आलें. एकदां खरें बोललेल्या मनुष्याचें पुढचें प्रत्येक बोलणें खरें असतेंच असें नाहीं; इतिहासांत हा धडा वारंवार येतो. सरतेशेवटीं २०१३ सालीं त्याच दोन द्रव्यांच्या गोळीला अमेरिकेंत पुनः परवानगी मिळाली. भारतांतहि डॉक्टर ती देतात.

राहतां राहिला मूळ प्रश्न. ही पीडा होते तरी कशानें? १९९९ सालीं मार्लेना फेझो या अमेरिकन संशोधिकेला स्वतःलाच या ओकाऱ्यांनीं अंथरुणास खिळविलें. त्यांत तिचा गर्भ गेला, आणि तिच्या डॉक्टरनें तिचा त्रास गांभीर्यानें घेतला नाहीं. त्यानंतर तिनें आपलें आयुष्य या प्रश्नास वाहिलें. डिसेंबर २०२३ मध्यें तिचें व केंब्रिजच्या संशोधकांचें संयुक्त संशोधन प्रसिद्ध झालें. 'जीडीएफ १५' नांवाचें एक संप्रेरक गर्भाकडून व वारेंतून मातेच्या रक्तांत उतरतें व मेंदूंतील ओकारीच्या केंद्रास चेतवितें. जिच्या शरीरांत तें आधींपासून कमी असतें, तिला अचानक झालेली ही वाढ अधिक जाचते. यावरून पुढें नवे उपाय निघतील अशी आशा आहे. आणि ओकाऱ्यांचें मूळ स्त्रीच्या स्वभावांत आहे, या मताला आतां आधार उरलेला नाहीं.

या साऱ्या इतिहासांतून घरच्या उपयोगाचें काय निघतें, तें सांगून मी आटोपतें घेतों. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये, एकदम भरूंहि नये. दोन-दोन तासांनीं थोडें खावें. पहांटे अंथरुणांतून उठण्यापूर्वीं कुरमुरे, राजगिऱ्याच्या लाह्या, टोस्ट असें कांहीं कोरडें खावें. ज्या वासानें मळमळतें, त्या फोडणीजवळ तिला उभें करूं नये. तें काम घरांतील पुरुषांनीं केल्यास कांहीं बिघडत नाहीं. आलें व सुंठ यांचा गुण परीक्षेनेंहि दिसून आला आहे. नेहमींच्या जेवणांतील प्रमाणांत तीं घ्यावीं. पाणी घोटघोट प्यावें. बद्धकोष्ठ व जळजळ यांनाहि थोडें थोडें खाणें, भाज्या-फळें आणि हलकें चालणें हितकर असतें. फोलिक ॲसिडची गोळी सांगितल्याप्रमाणें घ्यावी. परंतु कोणतेंहि औषध, मग तें विलायती असो कीं झाडपाल्याचें असो, डॉक्टरांना विचारल्यावांचून घेऊं नये. पाण्याचा घोटहि टिकेना, लघवी अगदीं थोडी किंवा गडद होऊं लागली, वजन उतरलें, उभें राहतां येईना, ताप आला, पोटांत तीव्र कळ आली किंवा रक्त दिसलें, तर "होतेंच असें" म्हणून थांबूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

आणि शेवटचें. डोहाळजेवणाची वाट न पाहतां, पहिल्या महिन्यांतच आपल्या सुनेला, मुलीला किंवा पत्नीला "आज कसें वाटतें? काय पोटांत ठरतें?" एवढें विचारावें, आणि तिनें दिलेलें उत्तर खरें मानावें. लेंझसाहेबांनीं व लूसीबाईंनीं याहून निराळें कांहीं केलें नाहीं.